पावती घेतलीत का?

(पूर्वी टपालाचे पैसे पोस्टाच्या खिडकीवरच भरावे लागत. आता ते घरी बसून भरता येतात आणि पार्सल फक्त पोस्टात नेऊन द्यायचे असते. हे काम कसे चालते आणि ते करताना कशाची काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)



समजा, तुमच्या आपा घरी बसून ओढण्यांवर जरीकाम करतात. त्यांच्या कामाचे फोटो कुणीतरी मोबाइलवर पाहिले आणि पुण्याहून चार ओढण्यांची मागणी आली. पैसेही आले. आपांनी तीन आठवडे रात्री जागून काम पुरे केले. आता ओढण्या पुण्याला पाठवायच्या आहेत. सकाळी तुम्ही दप्तर भरत असताना आपा तुमच्या हातात एक खोके देतात आणि म्हणतात, "शाळेत जाताना हे पोस्टात दे. पैसे मी मोबाइलवरूनच भरले आहेत. लेबलही चिकटवले आहे. नुसते देऊन ये."

"नुसते देऊन ये!" शब्द तीनच आहेत. पण त्या खोक्यात आपांची तीन आठवड्यांची मेहनत आहे. खोके पोचले नाही, तर पैसे परत करावे लागतील, ओढण्याही जातील, आणि पुण्याचे ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. म्हणून हे "नुसते देणे" म्हणजे काय, ते आज नीट समजून घेऊ.

टपालाचे पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे, ही गोष्ट आपल्याला अगदी साधी वाटते. पण पूर्वी तसे नव्हते. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी बहुतेक पत्रांचे पैसे पत्र घेणारा माणूस देत असे. पत्र किती लांबून आले आणि त्यात किती कागद आहेत, यावर दर ठरे. हा दर गरिबांना परवडत नसे. मग लोक युक्त्या करीत. पाठवणारा पाकिटाच्या बाहेरच एखादी ठरलेली खूण करी. घेणारा पत्र हातात घेऊन ती खूण पाही, सगळे खुशाल आहेत असे समजे, आणि "माझ्याजवळ पैसे नाहीत" असे म्हणून पत्र परत देई! पोस्टमनची पायपीट मात्र फुकट जाई.

रोलंड हिल नावाच्या गृहस्थांनी १८३७ मध्ये एक पुस्तिका लिहून यावर उपाय सुचवला. पत्राचे पैसे पाठवणाऱ्याने आधी भरावेत, आणि अंतर कितीही असले तरी दर एकच असावा, असे त्यांचे म्हणणे होते. १० जानेवारी १८४० पासून तेथे एक पेनीचा दर सुरू झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट निघाले. काळ्या रंगामुळे त्याला 'पेनी ब्लॅक' म्हणतात. आपल्याकडे १८५२ मध्ये सिंध प्रांतात अर्ध्या आण्याचे तिकीट आले. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध देशासाठी एकच व्यवस्था झाली. पाव तोळ्यापर्यंतच्या, म्हणजे सुमारे तीन ग्रॅमच्या पत्राला अर्धा आणा पुरे. मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्या काळी हातात भाला घेऊन, घुंगरू वाजवीत रानावनांतून धावणारे हरकारे टपाल नेत असत. 'हरकारा' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे.

तिकीट म्हणजे आधी पैसे भरल्याची खूण. ज्या पत्राला तिकीट नसे किंवा कमी किमतीचे असे, ते 'बेअरिंग' होई आणि घेणाऱ्याला कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे द्यावे लागत. घरी बेअरिंग पत्र आले की पाठवणाऱ्याच्या नावाने दोन शब्द बोलले जात, हे तुमच्या आजोबांना विचारा.

याच्या उलट सोयही पोस्टाने केली होती. १८७७ मध्ये आपल्या देशात व्ही.पी. पद्धत सुरू झाली. त्यात वस्तूची किंमत घेणाऱ्याने पोस्टमनला द्यायची आणि मगच पार्सल हातात घ्यायचे. ते पैसे पोस्ट विक्रेत्याला पोचते करी. दिल्ली, लखनौहून कितीतरी उर्दू पुस्तके अशी व्ही.पी.ने महाराष्ट्रातल्या घरांत आली.

आपांनी खोक्यावर चिकटवलेले लेबल हे त्या जुन्या तिकिटाचेच नवे रूप आहे. पण दोघांत एक मोठा फरक आहे. तिकीट मुके असते. ते कुणी विकत घेतले, कधी लावले, हे त्यावरून कळत नाही. लेबल मात्र बोलके असते. पैसे कुणाच्या खात्यातून भरले, वजन किती सांगितले, माल कुठून कुठे चालला आहे, हे सगळे त्यावरच्या काळ्या रेघांमागे नोंदलेले असते. त्या रेघांना बारकोड म्हणतात.

या फरकाचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत दिसते. तेथील टपाल खात्याने ऑगस्ट १९९९ मध्ये संगणकावर टपाल-मूल्य छापून देणाऱ्या पहिल्या कंपन्यांना मान्यता दिली. म्हणजे तिकीट घरच्या छपाई यंत्रातून निघू लागले! आता तेथे २०१९ पासून नियम असा आहे: नुसती तिकिटे लावलेले पार्सल दहा औंसांहून, म्हणजे सुमारे २८३ ग्रॅमहून जड किंवा अर्ध्या इंचाहून जाड असेल, तर ते रस्त्यावरच्या पेटीत टाकता येत नाही. ते खिडकीवर जाऊन कर्मचाऱ्याच्या हातातच द्यावे लागते. ऑनलाइन पैसे भरून छापलेले लेबल असेल, तर मात्र ही अट नाही. असे का? कारण टपाल विमानाने जाते आणि आत काही घातक असेल तर पाठवणारा कोण ते कळायला हवे. तिकीट ते सांगू शकत नाही, लेबल सांगू शकते.

आपल्या देशात स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही जुनी सेवा त्यातच मिसळली गेली. पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले, तेव्हा टपाल खात्याने ऑनलाइन नोंदणी, ऑनलाइन पैसे भरणे, मोबाइलवर संदेश आणि ओटीपी सांगितल्यावरच वस्तू हातात देणे अशा सोयी जाहीर केल्या. त्यात तुमच्या फायद्याची एक गोष्टही होती. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टच्या दरात दहा टक्के सूट ठेवण्यात आली. कितीजणांना ती ठाऊक आहे, कोण जाणे! खिडकीवर विचारायला लाजू नका.

आता लेबलाकडे नीट पाहू. त्यावर सर्वांत महत्त्वाचा असतो तो पत्ता, आणि पत्त्यात सर्वांत महत्त्वाचा पिन कोड. हे सहा अंक १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या पत्त्यांत आले. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखली. ते संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. पहिला अंक देशातला विभाग दाखवतो. महाराष्ट्र आणि गोवा ज्या विभागात आहेत, त्याचा अंक ४ आहे. पहिले तीन अंक टपालाची वाटणी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिस. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा पिन ४२३२०३ आहे. पण मालेगाव एकच आहे का? वाशिम जिल्ह्यातही मालेगाव आहे, आणि तिकडचा पिन ४४४ या अंकांनी सुरू होतो. बारामतीजवळही एक मालेगाव आहे. तुम्ही गावाचे नाव सुंदर अक्षरात लिहिले आणि पिन चुकवला, तर पार्सल शेकडो किलोमीटर भलतीकडे फिरून येईल. ऑनलाइन लेबल करताना पत्ता आपणच भरतो. तेव्हा चूक सुधारायला समोर पोस्टातले बाबूजी नसतात.

पत्त्याखेरीज लेबलावर एक लांबलचक क्रमांक असतो. त्यात आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक, आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरे असतात. शेवटची दोन अक्षरे देश सांगतात. भारतासाठी 'आय' आणि 'एन' ही अक्षरे आहेत. स्पीड पोस्टचा क्रमांक 'ई'ने सुरू होतो. मधल्या नऊ अंकांपैकी खरे काम आठच अंक करतात. नववा अंक त्यांचा पहारेकरी आहे. तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. वही-पेन्सिल घ्या.

समजा, आठ अंक १२३४५६७८ असे आहेत. त्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणायचे. गुणाकार येतील ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३ आणि ५६. त्यांची बेरीज २०४. तिला ११ ने भागले की बाकी ६ उरते. ११ मधून ६ वजा केले की ५. म्हणून नववा अंक ५, आणि पूर्ण क्रमांक १२३४५६७८५. (वजाबाकी १० आली तर ० लिहितात, ११ आली तर ५ लिहितात.) आता कुणी घाईत ७ आणि ८ यांची अदलाबदल केली, तर बेरीज २०६ होते, बाकी ८ उरते आणि पहारेकरी ३ असायला हवा. पण लिहिला आहे ५! यंत्राला लगेच कळते की कुठेतरी चूक झाली आहे. जगातल्या टपाल खात्यांनी मिळून ही पद्धत ठरवली आहे, म्हणून मालेगावचे पार्सल लंडनच्या यंत्रालाही वाचता येते.

हे झाले अंकांचे. वजनाला असा पहारेकरी नसतो. ऑनलाइन पैसे भरताना वजन आपणच सांगायचे असते आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते. कधी घरचा काटा बरोबर नसतो, तर कधी वजन फक्त कपड्याचे केलेले असते. खोके, भुसा आणि चिकटपट्टी यांचेही वजन असते, हे लक्षात राहत नाही. शिवाय अनेक पार्सल सेवा आकारमानावरूनही वजन काढतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचे. आपांनी ओढण्यांची घडी मोडू नये म्हणून ४० × ३० × २० सेंटिमीटरचे खोके घेतले असेल, तर गुणाकार २४००० आणि भागाकार ४.८ येतो. काटा दाखवील सव्वा किलो, आणि हिशेब होईल ४.८ किलोचा! कारण गाडीत हवेलाही जागा लागते. अशा वेळी खिडकीवर फरकाचे पैसे भरावे लागतात. अमेरिकेत तर यंत्रच पार्सल मोजते आणि फरक पाठवणाऱ्याच्या खात्यातून वळता होतो. म्हणून खोके बेताचे घ्यावे आणि बांधून झाल्यावरच वजन करावे.

बांधणीबद्दल थोडे सांगतो. लेबल खोक्याच्या सपाट बाजूवर लावा, कडेवर वाकवू नका. बारकोडाची रेघ मोडली की यंत्राला वाचता येत नाही. जुने खोके वापरले, तर त्यावरचे आधीचे लेबल पूर्ण काढून टाका, नाहीतर पार्सल तुमच्याकडेच परत यायचे! आणखी एक काम बहुतेक जण विसरतात. दोन्ही पत्ते लिहिलेला एक कागद खोक्याच्या आतही ठेवावा. वरचे लेबल पावसात भिजून निघाले, तर पोस्टातले लोक असे बेवारस पार्सल उघडून आत काही पत्ता सापडतो का ते पाहतात. त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कार्यालये चालत आली आहेत. आतला कागद सापडला की पार्सलाला पुन्हा घर मिळते.

काय पाठवू नये, याचेही नियम आहेत. स्फोटक वस्तू, पेट घेणारे द्रव आणि विषारी पदार्थ पाठवता येत नाहीत. ईदची भेट म्हणून स्पिरिट असलेल्या सेंटची बाटली टाकावीशी वाटेल, पण तीही पेट घेऊ शकते. जिवंत प्राणी पाठवायलाही मनाई आहे. गंमत अशी की आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांत मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे यांना मात्र सूट आहे. जळवांचे पार्सल पोस्टमनने कुणाच्या हातात कसे दिले असेल, याची कल्पना करून पाहा.

आता आपण पोस्टात आलो. रांग मोठी आहे. शाळेची वेळ झाली आहे. बाजूला एका मेजावर पार्सलांचा ढीग दिसतो. पैसे तर भरलेलेच आहेत. मग पार्सल ढिगावर ठेवून निघून जावे का?

याचे उत्तर मी अनुभवाने देतो. काही वर्षांपूर्वी मी परदेशात चुलतभावाकडे तीन महिने राहिलो होतो. तिथे दुसऱ्या एका शहरात दापोलीकडच्या एक वयस्कर खाला राहतात. आमच्या घराण्याच्या जुन्या फोटोंचा अल्बम त्यांच्याजवळ होता. मी तो नकला काढण्यासाठी मागून घेतला. सगळ्या फोटोंच्या नकला काढल्या. मग अल्बम खोक्यात घातला, भावाच्या संगणकावर पैसे भरले, लेबल छापले आणि पोस्टात गेलो. रांगेत पंधरा-वीस माणसे होती. कोपऱ्यात, पैसे भरलेली पार्सले येथे टाकावीत, अशी पाटी लावलेली एक मोठी टोपली होती. मी पार्सल टोपलीत ठेवले आणि मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी संगणकावर क्रमांक घालून पाहिला. "लेबल तयार झाले आहे. वस्तू अद्याप मिळालेली नाही," असे वाक्य आले. तिसऱ्या दिवशी तेच वाक्य. दहाव्या दिवशीही तेच. मी पोस्टात जाऊन विचारले. खिडकीवरच्या बाईंनी सौम्यपणे विचारले, "पावती आहे का?" पावती नव्हती. मी पैसे भरल्याचा कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "यावरून तुम्ही पैसे भरलेत एवढेच दिसते. पार्सल आम्हाला दिलेत, हे दिसत नाही."

त्यांचे बोलणे मला त्या वेळी कडू लागले, पण ते खरे होते. पैसे भरणे ही एक गोष्ट आणि माल हवाली करणे ही दुसरी. पहिलीचा पुरावा दुसरीला चालत नाही.

अल्बम मिळाला नाही. खालांना फोन केला तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नकला आहेत ना बेटा? मग झाले." मी सगळ्या नकला त्यांना पाठवल्या, या वेळी रांगेत उभा राहून. पण एक गोष्ट मी त्यांना देऊ शकलो नाही. प्रत्येक फोटोच्या मागे त्यांच्या मरहूम नवऱ्याने बारीक उर्दू अक्षरांत नावे आणि साल लिहून ठेवले होते. फोटोंच्या मागच्या बाजूची नक्कल काढावी, हे मला सुचलेच नव्हते.

म्हणून सांगतो, रांगेत उभे राहा. खिडकीवर पार्सल हातात द्या. कर्मचारी यंत्राने बारकोड वाचतील. त्या क्षणापासून पार्सल पोस्टाच्या ताब्यात गेले आणि त्याची जबाबदारी पोस्टाची झाली. लेबल छापले तेव्हा नव्हे, पैसे भरले तेव्हाही नव्हे. मग पावती मागा. पावतीवरचा क्रमांक आणि लेबलावरचा क्रमांक एकच आहे ना, ते तिथेच ताडून पाहा. खूप पार्सले एकदम द्यायची असतील, तर काही देशांत सर्व पार्सलांचा मिळून एकच बारकोड असलेला कागद छापता येतो. तो एक कागद यंत्राने वाचला की सगळ्यांची नोंद होते. ही चांगली सोय आहे. आपले काम एका पार्सलाचे आहे, त्यामुळे एका पावतीने भागेल.

'पावती' या शब्दाचीही एक मौज सांगतो. मराठीत 'पावणे' म्हणजे पोचणे, मिळणे. जे पावले त्याची ती पावती. उर्दूत तुम्ही 'रसीद' म्हणता. फारसीत 'रसीदन' म्हणजे पोचणे, आणि 'रसीद' म्हणजे पोचले! दोन भाषांनी वेगवेगळ्या वाटेने जाऊन एकच शब्द घडवला आहे. या पाठातले वजन, कागद, रक्कम, नक्कल, हवाली, जबाबदारी हे शब्दही तुम्हाला घरचेच वाटले असतील. ते तुमच्याकडून आमच्याकडे आले आणि कायमचे राहिले.

पार्सल परदेशी जाणार असेल, तर आणखी एक खर्च येतो. तो म्हणजे त्या देशाचे सीमाशुल्क. पूर्वी ते बहुधा घेणाऱ्याला भरावे लागे. २०२५ मध्ये अमेरिकेने स्वस्त वस्तूंवरची शुल्कमाफी काढून घेतली. तेव्हा २५ ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याला तिकडच्या बहुतेक पार्सलांची नोंदणी थांबवावी लागली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी ती पुन्हा सुरू झाली. या वेळी तिकडचे शुल्कसुद्धा पाठवणाऱ्याने इथेच, नोंदणीच्या वेळी भरावे अशी व्यवस्था होती. रोलंड हिल यांची कल्पना किती लांबवर गेली पाहा! लहान कारागिरांसाठी टपाल खात्याने २०२२ पासून 'डाकघर निर्यात केंद्रे' उघडली आहेत. निर्यातीचा अर्ज ऑनलाइन भरायचा, लेबल छापायचे आणि माल जवळच्या केंद्रात नेऊन द्यायचा. आपांची एखादी ओढणी उद्या दुबईला गेली, तर नवल नाही.

पार्सल दिल्यानंतर मोबाइलवर संदेश येतात. इथे एक सावधगिरी हवी. "तुमचे पार्सल पत्ता चुकल्यामुळे अडकले आहे, चोवीस तासांत या दुव्यावर पैसे भरा," असे खोटे संदेश पोस्टाच्या नावाने फिरत असतात. केंद्र सरकारच्या पीआयबीनेही त्यांबद्दल लोकांना इशारा दिला आहे. असा संदेश आला तर दुवा उघडू नका. पावतीवरचा क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः घालून पाहा. पार्सल खरोखर कुठे आहे ते तिथे दिसेल.

तर मित्रांनो, तुम्ही रांगेत उभे राहिलात. शाळेला दहा मिनिटे उशीर झाला. सरांनी कारण विचारले, तर पावती दाखवा. संध्याकाळी घरी गेलात की आपा विचारतील, "दिलेस का?" तेव्हा ती पावती त्यांच्या हातात द्या. ओढण्या पुण्याला पोचेपर्यंत ती कुराणशरीफच्या कपाटाशेजारच्या खणात, विजेच्या बिलांबरोबर, जपून राहील.

स्वाध्याय

१. पेटीत टाकलेल्या पत्राला तिकीट नसेल, तर पूर्वी काय होत असे?
२. लेखकाजवळ पैसे भरल्याचा कागद होता, तरी त्याचे म्हणणे का मान्य झाले नाही?
३. खालांना नकला मिळाल्या, तरी कोणती गोष्ट मिळाली नाही?
४. ८७६५४३२१ या आठ अंकांचा नववा अंक काढा.
५. तुमच्या गावाच्या नावाचे दुसरे गाव महाराष्ट्रात आहे का? दोन्हींचे पिन कोड शोधून लिहा.
६. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
७. पार्सल पोचले नाही म्हणून पोस्टमास्तरांना तक्रारीचे पत्र लिहा. पत्रात पावतीचा क्रमांक आणि तारीख लिहायला विसरू नका.